त्सुकुबातला आठवडा : बी मेसॉनच्या क्षयात न दिसणाऱ्याचा शोध

शनिवार

दिल्लीमार्गे नारिताला उतरून अकिहाबारा गाठेपर्यंत दुपार झाली. तिथून त्सुकुबा एक्स्प्रेस पकडली की पंचेचाळीस मिनिटांत शेवटचे स्थानक येते, आणि स्थानकाबाहेरच्या बसथांब्यावरून वीसेक मिनिटांत केईके, म्हणजे जपानच्या उच्च-ऊर्जा त्वरक संशोधन संस्थेचे फाटक. नोव्हेंबर 2024 चा मध्य होता. रस्त्याकडेची गिंको झाडे पिवळीधमक झाली होती आणि शेतघरांच्या अंगणात पानगळ झालेल्या झाडांवर नुसती पर्सिमॉनची फळे लटकत होती.

येण्याची कारणे दोन. बेल-2 या प्रयोगाच्या नियंत्रण कक्षात माझी पाळी लागली होती, कारण या प्रयोगाचा डेटा वापरणाऱ्या प्रत्येक गटाला पाळ्यांचा वाटा उचलावा लागतो. दुसरे म्हणजे, बी मेसॉनच्या, म्हणजे बॉटम नावाचा जड क्वार्क पोटात असलेल्या अल्पायुषी कणाच्या, क्षयात एखादा अज्ञात, हलका, दीर्घायुषी कण जन्म घेतो का, हे तपासणाऱ्या आमच्या विश्लेषणाची अंतर्गत छाननी शुक्रवारी होती. ती दूरस्थही झाली असती. पण परीक्षकांसमोर फळ्यापाशी उभे राहून जे पाच मिनिटांत समजावता येते, त्यासाठी पडद्यावर तास घालवावा लागतो, असा माझा अनुभव आहे.

रविवार

कार्यालये बंद होती. वसतिगृहातून सायकल काढून वर्तुळाकार बोगद्याच्या माथ्यावरून चक्कर मारली. बोगदा सुमारे 3 किलोमीटर परिघाचा आणि जमिनीखाली साधारण 11 मीटरवर आहे. वर मात्र गवत, झाडे आणि ठरावीक अंतरावर चार मोठ्या इमारती दिसतात : त्सुकुबा, ओहो, फुजी आणि निक्को. आमचा डिटेक्टर त्सुकुबा इमारतीच्या पोटात आहे. उत्तरेला त्सुकुबा पर्वताची दोन शिखरे दिसतात. त्यातले उंच शिखर 877 मीटरचे, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहून थोडे अधिक. पण सपाट मैदानातून एकदम उठल्यामुळे ते उंचीपेक्षा मोठे वाटते.

हा बोगदा ज्या त्वरकासाठी खणला, त्याचे नाव ट्रिस्टन. 1986 मध्ये तो सुरू झाला तेव्हा टॉप क्वार्क, म्हणजे क्वार्क नावाच्या मूलकणांतला सर्वांत जड, शोधणे हे त्याचे मुख्य उद्दिष्ट होते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीची ऊर्जा त्यांनी 64 जीईव्हीपर्यंत (म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट; कणांची ऊर्जा आणि वस्तुमान याच एककात मोजतात) नेली, पण टॉप क्वार्क काही हाती लागला नाही. 1995 मध्ये तो अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत सापडला तेव्हा त्याचे वस्तुमान 170 जीईव्हीच्या पुढे निघाले, म्हणजे ट्रिस्टनला तो दिसणे शक्यच नव्हते. बोगदा मात्र वाया गेला नाही. त्याच बोगद्यात 1999 ते 2010 या काळात केईकेबी हा त्वरक चालला, आणि त्यावरच्या बेल प्रयोगाने 2001 मध्ये, कॅलिफोर्नियातील बाबार प्रयोगाच्या बरोबरीने, बी मेसॉनमध्ये द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागणुकीतला फरक सिद्ध केला. या फरकाचा सिद्धान्त मांडणाऱ्या कोबायाशी आणि मासकावा यांना 2008 चे नोबेल मिळाले, त्यामागे या मोजमापाचा आधार होता. जे शोधायला खणले ते मिळाले नाही आणि जे मिळाले त्याचा आराखड्यात उल्लेख नव्हता, असा या जागेचा इतिहास आहे. आमच्यासारख्या शोधांसाठी निधी मागताना तो आवर्जून सांगावा असे मला वाटते.

संध्याकाळी सामाईक स्वयंपाकघरात मुंबईहून आणलेल्या भाजणीची थालीपीठे लावली. उपाहारगृहातल्या बहुतेक रश्श्यांचा पाया माशाच्या अर्काचा असतो, त्यामुळे शाकाहारी माणसाने भाजणी आणि मेतकूट बरोबर ठेवलेले बरे.

सोमवार

किरणोत्सर्ग सुरक्षेचे प्रशिक्षण, डोसमापक बिल्ला, ओळखपत्र आणि सह्या यांत दिवस गेला. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

मंगळवार

मध्यरात्री पाळी सुरू झाली. माझ्या जोडीला स्लोव्हेनियाचा एक पोस्टडॉक होता. नियंत्रण कक्ष म्हणजे पडद्यांच्या रांगा. त्यातल्या मधल्या पडद्यावर दोन आलेख अखंड सरकत असतात. एका कड्यात 7 जीईव्हीचे इलेक्ट्रॉन फिरतात, दुसऱ्यात 4 जीईव्हीचे पॉझिट्रॉन, आणि दोन्ही झोत त्सुकुबा इमारतीखाली एकमेकांना छेदतात. ऊर्जा मुद्दाम असमान ठेवली आहे, म्हणजे जन्मलेली बी मेसॉनची जोडी एका दिशेने थोडी पुढे सरकते आणि तिचे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढे आयुष्य मिलिमीटरच्या दशांश अंतराच्या रूपाने मोजता येते.

या पुढे सरकण्यात जाणारा भाग वगळला, तर टकरीची एकूण ऊर्जा 10.58 जीईव्हीवर बसवलेली असते. या ऊर्जेला अप्सिलॉन-4एस नावाची अवस्था तयार होते आणि ती जवळजवळ नेहमी दोन बी मेसॉनमध्ये फुटते. दोन बी मेसॉनच्या वस्तुमानांची बेरीज याच्या इतकी जवळ आहे की उरलेल्या ऊर्जेत सर्वांत हलका मेसॉन, म्हणजे एक साधा पायॉनसुद्धा तयार होऊ शकत नाही. त्यामुळे अशा टकरीत दोन बी मेसॉन असतात आणि त्यांच्याखेरीज काहीच नसते. जिनिव्हाच्या प्रोटॉन त्वरकात बी मेसॉन कितीतरी पटींनी अधिक तयार होतात, पण तिथे प्रत्येक टकरीबरोबर इतर कणांचा ढिगाराही येतो. आमची श्रीमंती संख्येत नाही, हिशेबाच्या स्वच्छतेत आहे. जमा रक्कम दमडीपर्यंत ठाऊक असलेल्या खतावणीत खर्च कमी भरला तर कोणीतरी काहीतरी नेले हे जसे उघड होते, तसेच इथे, दिसलेल्या कणांची ऊर्जा 10.58 भरली नाही तर न दिसलेल्याचा संशय घेता येतो.

कोपऱ्यातल्या एका पडद्यावर ‘भाभा’ असे नाव आणि त्यापुढे पळता आकडा असतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आपटून नुसतेच विखुरतात, त्या प्रक्रियेचा हिशेब होमी भाभांनी केंब्रिजमध्ये असताना मांडला आणि तो 1936 मध्ये प्रसिद्ध झाला. तो इतका अचूक करता येतो की विखुरलेल्या जोड्या मोजून टकरींचा एकूण दर, म्हणजे ल्युमिनॉसिटी, ठरवता येते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेल्या माणसाला हे नाव परदेशी नियंत्रण कक्षात दर सेकंदाला ताजे होताना पाहून बरे वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. जोडीदाराला ते एखाद्या व्यक्तीचे आडनाव आहे हे ठाऊक होते, ती व्यक्ती मुंबईची होती हे ठाऊक नव्हते.

पहाटे तीनच्या सुमारास झोत गेला. झोताच्या नळीभोवती कृत्रिम हिऱ्याचे छोटे संवेदक बसवलेले आहेत. किरणोत्सर्ग मर्यादेबाहेर वाढला की ते इशारा देतात आणि क्षणार्धात दोन्ही झोत बाहेर वळवून नष्ट केले जातात. एरवी हे नित्याचे असते. सुपरकेईकेबीला, म्हणजे केईकेबीच्या जागी आलेल्या आजच्या त्वरकाला, छळणारा प्रकार वेगळा आहे : कधी कधी झोताचा मोठा भाग एकदोन फेऱ्यांतच, कोणतीही पूर्वसूचना न देता नाहीसा होतो, आणि एक फेरी म्हणजे केवळ 10 मायक्रोसेकंद, त्यामुळे इशारा पोहोचेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. अशा घटनांत सर्वांत आतल्या पिक्सेल डिटेक्टरला इजा झाल्यावर मे 2024 मध्ये तो बंद ठेवण्याचा निर्णय झाला. या पहाटेची घटना तशी नव्हती. त्वरकाच्या कक्षातून फोन आला, आम्ही डिटेक्टरचे उच्च विद्युतदाब सुरक्षित पातळीवर उतरवले, कडी पुन्हा भरली जाईपर्यंत वाट पाहिली आणि तासाभरात डेटा पुन्हा सुरू झाला. तेवढ्या वेळात शेजाऱ्याने कॉफी केली.

बरा दिवस असेल तेव्हा सेकंदाला काही डझन बी जोड्या तयार होतात. ही गर्दी वाटेल, पण आम्हाला हवी असलेली घटना असलीच तर कोटीत एखादी असेल, आणि त्यातलीही मोजकीच आमच्या गाळण्यांतून पार होईल. शिवाय हलक्या क्वार्कांच्या जोड्या तयार करणाऱ्या टकरी बी जोड्यांच्या तिपटीहून अधिक होतात, त्या वेगळ्याच.

बुधवार

त्वरक देखभालीसाठी बंद होता, म्हणून खाली जाता आले. त्सुकुबा इमारतीच्या लिफ्टने चार मजले उतरले की एक प्रचंड दालन लागते आणि काँक्रीटच्या संरक्षक ठोकळ्यांमागे अष्टकोनी लोखंडी अंगाचा डिटेक्टर दिसतो. त्याचे वजन सुमारे 1,400 टन आहे. जोडणी पूर्ण झाल्यावर 11 एप्रिल 2017 रोजी तो अख्खा 13 मीटर सरकवून झोताच्या रेषेवर आणला गेला.

बाहेरून दिसते ते लोखंड आणि केबली; आत काय आहे ते नकाशावरूनच समजून घ्यावे लागते. मध्यभागी 1 सेंटिमीटर त्रिज्येची बेरिलियमची नळी, तिच्याभोवती पिक्सेलचे थर, मग सिलिकॉनच्या पट्ट्यांचे चार थर, मग 14,336 संवेदक तारा ताणलेली वायूची टाकी, मग कणांची ओळख पटवणारे क्वार्ट्‌झचे दांडे, आणि त्यापलीकडे सीझियम आयोडाइडचे 8,736 स्फटिक. सगळे मिळून 1.5 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात.

सिलिकॉनच्या चार थरांना तिसरा ते सहावा असे क्रमांक आहेत, कारण पहिले दोन पिक्सेलचे. तिसरा थर मेलबर्नने बांधला, पाचवा व्हिएन्नाने, सहावा जपानी गटाने, आणि चौथा आमच्या मुंबईच्या संस्थेने. अक्षापासून 8 सेंटिमीटरवर दहा शिड्या, प्रत्येक शिडीवर तीन संवेदक. माझ्या विश्लेषणात ज्या घटना सर्वांत महत्त्वाच्या, त्यांचे निम्मे भवितव्य नेमके याच थराच्या आसपास ठरते. वाटाड्या इटालियन अभियंता होता. त्याने केबलींच्या एका जुडग्याकडे बोट दाखवून ती चौथ्या थराची असल्याचे सांगितले. इतर जुडग्यांहून ते काडीचेही वेगळे नव्हते, तरी मी फोटो काढला आणि कुलाब्याच्या कार्यशाळेतल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांना पाठवला. त्यांचे उत्तर लगेच आले : “अहो, केबल काय दाखवताय, वायरबाँड दिसत असतील तर दाखवा.” वायरबाँड म्हणजे संवेदक आणि चिप यांना जोडणाऱ्या बारीक तारा.

गुरुवार

दिवसभर वसतिगृहाच्या खोलीत आणि मग गटाच्या खोलीत उद्याची तयारी केली. काय शोधतो आहोत ते इथे सविस्तर सांगते.

बी मेसॉनमधला बॉटम क्वार्क क्वचित स्ट्रेंज क्वार्कमध्ये बदलतो. हा बदल सरळ होऊ शकत नाही. मध्ये डब्ल्यू बोसॉन आणि टॉप क्वार्क यांचे क्षणिक वेटोळे लागते, म्हणून तो दुर्मीळ. समजा, इतर मूलकणांच्या वस्तुमानाशी नाते असलेल्या हिग्ज कणाशी किंचित मिसळणारा एखादा हलका कण अस्तित्वात आहे, आणि कृष्णद्रव्याच्या काही प्रतिमानांना असा दुवा लागतो. हिग्जची नाळ जड कणांशी जुळते, टॉप क्वार्क सर्वांत जड, म्हणून या वेटोळ्यातून तो कण बाहेर पडण्याची शक्यता तुलनेने मोठी. ट्रिस्टनला न सापडलेला टॉप क्वार्क त्याच बोगद्यात आज असा आडून उपयोगी पडतो. मिसळण जितकी क्षीण, तितके कणाचे आयुष्य मोठे. तो जन्मस्थानापासून काही सेंटिमीटर चालून मग दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद), दोन पायॉन, दोन केऑन (स्ट्रेंज क्वार्क असलेले मेसॉन) किंवा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यांत फुटेल. म्हणजे टकरीच्या जागी एक केऑन, आणि दूर, निर्वात वाटणाऱ्या ठिकाणी, अचानक उगवलेल्या दोन रेषा, म्हणजे दोन कणांचे माग, अशी आमची खूण आहे.

तिन्हींची ऊर्जा मिळवली की झोताच्या ऊर्जेइतकी आणि वस्तुमान बी मेसॉनइतके यायला हवे. हे जुळलेल्या घटनांसाठी दूरच्या दोन रेषांचे वस्तुमान काढायचे आणि आलेखात कुठे टेंगूळ येते ते पाहायचे. बेल-2 ने 2023 मध्ये, 189 व्यस्त फेम्टोबार्न (टकरींचा साठा मोजण्याचे एकक) डेटावर, असा शोध आठ मार्गांनी करून प्रसिद्ध केला. ठोस काही आढळले नाही, आणि असा क्षय कोटीत एक या पातळीच्या आसपास कुठवर वगळता येतो ते सांगता आले. आम्ही त्याच वाटेने अधिक डेटावर, 2022 पर्यंत साठवलेल्या संचावर, चाललो आहोत.

अडचणी तीन जातींच्या आहेत. पहिली म्हणजे तटस्थ केऑन. त्याची एक जात स्वतःच काही सेंटिमीटर चालून दोन पायॉनमध्ये फुटते, तंतोतंत आम्हाला हव्या त्या रूपात. म्हणून त्याच्या वस्तुमानाभोवतीची, 498 एमईव्हीजवळची (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग), पट्टी वगळावी लागते. वैरी असला तरी तो उपयोगीही आहे, कारण दूरच्या रेषा आम्ही किती टक्के वेळा पकडतो हे तपासायला निसर्गाने दिलेला तोच एक नमुना आहे. दुसरी अडचण डिटेक्टरच्या स्वतःच्या द्रव्याची : कण नळीच्या भिंतीवर किंवा सिलिकॉनच्या थरावर आपटले की तिथेही दोन रेषा उगवतात. तिसरी अडचण संख्याशास्त्राची. वस्तुमानाची शेकडो मूल्ये तपासली तर कुठेतरी निव्वळ योगायोगाने टेंगूळ येणारच. त्याचे वजन शंभर ठिकाणी पाहिल्याचा विचार करून कमी करावे लागते.

म्हणून निर्णायक भाग झाकलेला ठेवतात. सगळ्या निवडी, गाळण्या, अनिश्चितता संगणकाने तयार केलेल्या कृत्रिम नमुन्यांवर आणि शेजारच्या निरुपद्रवी भागावर ठरवायच्या, परीक्षकांची संमती घ्यायची, मगच झाकण काढायचे. बाहेरच्या लोकांना यात संशयी वृत्ती दिसते. मला यात स्वतःला ओळखण्याचा शहाणपणा दिसतो; टेंगूळ दिसल्यावर गाळणी बदलण्याचा मोह विद्वानांनाही सुटत नाही.

शोधायला काही नसेल तर इतका खटाटोप कशाला, या प्रश्नाला दोन उत्तरे याच जागी आहेत. 2003 मध्ये बेलच्या लोकांनी बी मेसॉनच्या केऑन, दोन पायॉन आणि जे-साय नावाचा मेसॉन अशा क्षयात वस्तुमानाचा आलेख काढला आणि 3872 एमईव्हीवर, कोणाच्याही यादीत नसलेले, अरुंद टेंगूळ दिसले. पस्तीसेक घटनांवर उभा असलेला हा एक्स-3872 नंतर अनेक प्रयोगांनी पाहिला. तो चार क्वार्कांचा आहे, दोन मेसॉनची सैल जोडी आहे की दोन्हींचे मिश्रण, याचा वाद अजून संपलेला नाही. दुसरे उत्तर ताजे आहे. ऑगस्ट 2023 मध्ये बेल-2 ने बी मेसॉनच्या केऑन आणि दोन न्यूट्रिनो या क्षयाचा पहिला पुरावा जाहीर केला. न्यूट्रिनो दिसत नाहीत, म्हणून तिथे केवळ ऊर्जेची तूट मोजायची. स्टँडर्ड मॉडेलनुसार, म्हणजे मूलकणांच्या प्रस्थापित सिद्धान्तानुसार, हा क्षय दहा लाखांत पाच-सहा वेळा व्हावा. मोजमाप लाखात सुमारे 2.3 आले, म्हणजे अपेक्षेच्या चौपट, आणि अपेक्षेपासूनचे अंतर 2.7 सिग्मा (सिग्मा हे मोजमापातल्या अनिश्चिततेचे माप). शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात. तरी दोन न्यूट्रिनोंऐवजी 2 जीईव्हीच्या आसपासचा एकच अदृश्य कण असेल तर आकडे बरे जुळतात, असे दाखवणारे लेख सिद्धान्तवाल्यांनी लगोलग लिहिले. माझे मत विचाराल तर एवढ्यावर पैज लावू नये. अधिक डेटा आल्यावर 2.7 सिग्मा विरघळण्याची परंपरा फार जुनी आहे. पण आमचा कण डिटेक्टरबाहेर जाऊन फुटला तर तोही नेमका असाच, केवळ तूट म्हणून दिसेल, त्यामुळे दोन्ही विश्लेषणे एकमेकांकडे लक्ष ठेवून आहेत.

शुक्रवार

छाननी अडीच तास चालली. परीक्षक तिघे, एक समोर, दोघे पडद्यावर. समोरच्या बाईंनी पहिल्या दहा मिनिटांतच वर्मावर बोट ठेवले. तटस्थ केऑन वापरून काढलेली आमची कार्यक्षमता 4 सेंटिमीटरपर्यंत कृत्रिम नमुन्याशी छान जुळते, पुढे फरक वाढत जातो, आणि 8 सेंटिमीटरच्या पलीकडे, म्हणजे चौथ्या थराच्या बाहेर, अनिश्चितता दाखवणाऱ्या पट्ट्या इतक्या रुंद होतात की जुळते असे म्हणणे हा निव्वळ सौजन्याचा भाग ठरतो. त्यांना हवे होते दोनपैकी एक : तो भाग सोडून द्या, किंवा तिथल्या द्रव्याचा नकाशा स्वतंत्र नमुन्याने तपासून दाखवा. भाग सोडला तर दीर्घायुषी कणांसाठीची आमची पकड ढिली होते, आणि आमच्या विश्लेषणात नवे जे काही आहे ते मुख्यतः तिथेच आहे. फळ्यावर थरांची वर्तुळे काढून बराच खल झाला. शेवटी फोटॉन द्रव्यावर आपटून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते, त्या जोड्यांच्या उगमस्थानांवरून प्रत्येक थराचे द्रव्य मोजून द्यायचे असे ठरले. झाकण काढायला परवानगी मिळाली नाही.

मला वाईट वाटले, पण हरकत चुकीची वाटली नाही. असा कण सापडला असता तर जगाने पहिला प्रश्न हाच विचारला असता.

शनिवार

परतीच्या गाडीतून काशिवानोहा स्थानकावर दोन तास उतरले. तिथल्या काव्ली संस्थेच्या स्वच्छ कक्षात आमच्या चौथ्या थराच्या शिड्या जोडल्या गेल्या होत्या. कक्ष आता दुसऱ्या कामाला लागला आहे. खिडकीतून जोडणीची साधने आणि सूक्ष्मदर्शक मात्र दिसतात. तृतीयांश मिलिमीटर जाडीचा सिलिकॉन, त्यावर लवचीक पट्टी चिकटवून तिच्यावर वाचक चिप, आणि खालच्या बाजूचे संकेत घडी घालून वर आणायचे, या रचनेला ओरिगामीच म्हणतात. गोंदाचा थर जाड झाला तर द्रव्य वाढते, पातळ झाला तर शिडी धरत नाही. बाईंनी काल मागितलेल्या नकाशातली एक अनिश्चितता हीच आहे. कुलाब्याच्या तंत्रज्ञांना फोन लावून गोंदाच्या जाडीच्या नोंदी कुठे असतील ते विचारले.

“वहीत आहेत,” ते म्हणाले. “प्रत्येक शिडीचं पान वेगळं आहे. सोमवारी या, काढून ठेवतो.”

नारिताला फाटकापाशी बसून फोटॉन जोड्या निवडणारी गाळणी लिहिली आणि जगभरच्या संगणकांवर पहिला जथा धाडला. पुढची छाननी जानेवारीत आहे.